लेबलवर नसलेलं नाव

आत्ता कानात हेडफोन असतील तर एक काम करा. जे गाणं वाजतंय त्याच्या शेजारच्या तीन टिंबांवर टॅप करा. खाली कुठेतरी ‘क्रेडिट्स’ अशी एक ओळ सापडेल. उघडलीय कधी? बहुतेकांनी नसेलच. आपल्याला गायक माहीत असतो, फार तर संगीतकार. पण त्या यादीत ‘प्रोड्युसर’ म्हणून जो कोणी असतो तो नक्की काय करतो, हे विचारलं की आपली गाडी अडते.

सिनेमातला प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा माणूस. रेकॉर्डच्या दुनियेतला प्रोड्युसर मात्र डिरेक्टरच्या जास्त जवळचा. कोणाकडून गाऊन घ्यायचं, कोणतं गाणं, मागे कोण वाजवणार, ड्रम किती पुढे, आवाज किती मागे, कितवा टेक ठेवायचा, हे सगळं तो ठरवतो. काचेच्या पलीकडे बसून ऐकणं हेच त्याचं काम. गाणं गाजलं तर टाळ्या गायकाला, पडलं तर शिव्या बहुधा याला.

आज अशाच एका माणसाची गोष्ट सांगायचीय. नाव मिल्ट गेबलर. नाव ऐकलं नसेल तर लाजायचं कारण नाही, त्याच्या देशातही ते सगळ्यांना माहीत नाही. पण जॅझ, ऱ्हिदम अँड ब्लूज आणि रॉक अँड रोल या तिन्ही घरांच्या पायाचा एकेक दगड या माणसाने बसवलाय. ‘मॉन्स्टर्स इंक’मधला तो एका डोळ्याचा हिरवा माइक आठवतोय? त्याला आवाज देणारा बिली क्रिस्टल हा मिल्टचा सख्खा भाचा. मामाबद्दल त्याने जगाला सांगितलं नसतं, तर हे नाव आणखीच मागे पडलं असतं.

दारावरचा लाउडस्पीकर

मिल्टचा जन्म २० मे १९११चा, न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा. ज्यू कुटुंब, सहा भावंडं, त्यात हा थोरला. वडिलांचं दुकान होतं. ४२व्या रस्त्यावर, ग्रँड सेंट्रल स्टेशनजवळ, रेडिओ आणि त्याचे सुटे भाग विकणारं एक चिंचोळं दुकान. जवळच कमोडोर नावाचं मोठं हॉटेल होतं, म्हणून दुकानाचं नावही कमोडोर. शाळा सुटली की मिल्ट गल्ल्यावर.

पोरवयातच त्याने एक उद्योग केला. दुकानाच्या दारावर लाउडस्पीकर टांगला आणि त्याला रेडिओ जोडला. रस्त्यावरून जाणारे लोक थांबायला लागले. आत येऊन विचारायला लागले, आत्ता वाजलं त्याची रेकॉर्ड आहे का? दुकानात रेकॉर्ड नव्हत्याच. चार-पाच गिऱ्हाइकं अशी परत गेल्यावर मिल्ट वडिलांच्या मागे लागला, आपण रेकॉर्ड ठेवूया. बघता बघता रेडिओचं दुकान रेकॉर्डचं दुकान झालं आणि त्याचं नाव पडलं कमोडोर म्युझिक शॉप.

मग आली महामंदी. लोकांकडे ब्रेडला पैसे नव्हते, रेकॉर्ड कोण घेणार? कंपन्यांनी जुन्या जॅझच्या रेकॉर्ड छापणंच थांबवलं. मिल्टने उलटा डाव टाकला. कंपन्यांच्या गोदामात पडून असलेला माल तो उचलू लागला. मग त्याने त्यांच्या जुन्या मास्टरवरून नव्याने प्रती काढून घेतल्या आणि टपालाने गावोगावच्या शौकिनांना विकल्या. आज आपण ‘री-इश्यू’ म्हणतो, त्या धंद्याची ही सुरुवात.

पण गंमत पुढे आहे. तेव्हाच्या रेकॉर्डच्या लेबलवर फक्त बँडलीडरचं किंवा गायकाचं नाव असायचं. ट्रम्पेट कोणी वाजवलं, पियानोवर कोण होतं, काही पत्ता नाही. मिल्टचे शौकीन गिऱ्हाईक तासन् तास यावरच वाद घालायचे. मिल्टने शोधाशोध केली, माहिती जमवली आणि आपल्या री-इश्यूंच्या लेबलवर सगळ्या वादकांची नावं छापायला लागला. वाद्यासकट. ही पद्धत पाडणाऱ्या पहिल्या माणसांतला तो एक. आपण मघाशी ज्या क्रेडिट्सवर टॅप केलं, तिचा एक धागा ४२व्या रस्त्यावरच्या त्या बोळवजा दुकानापर्यंत जातो.

आणि ही नुसती हौस नव्हती, बरं का. त्या वादकांतले बरेच जण कृष्णवर्णीय होते. ज्या हॉटेलात ते रात्री वाजवायचे, तिथे पुढच्या दाराने आत यायची त्यांना मुभा नसायची. अशा माणसाचं नाव लेबलवर छापणं म्हणजे हा होता, याने वाजवलंय, हे लेखी मान्य करणं.

दुकानदार रेकॉर्ड काढतो

जुन्या रेकॉर्ड विकून मिल्टचं समाधान होईना. त्याच्या आवडीचं संगीत कोणी नव्याने रेकॉर्डच करत नव्हतं. मग आपणच का नाही? १६ जानेवारी १९३८ला कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनचा तो ऐतिहासिक जॅझ कार्यक्रम झाला. सगळं न्यूयॉर्क त्याबद्दल बोलत होतं. दुसऱ्याच दिवशी, १७ तारखेला, मिल्टने गिटारवाला एडी काँडन आणि त्याच्या मंडळींना स्टुडिओत बसवलं. आदल्या रात्री कार्नेगीत पियानो वाजवणारा जेस स्टेसीसुद्धा हजर. ‘कमोडोर’ या लेबलची ही पहिली बैठक. एका दुकानदाराने स्वतःच्या नावावर काढलेलं जॅझचं लेबल, वय वर्षं सव्वीस!

त्याची पद्धत साधी होती. वादक नीट निवडायचे, त्यांना मोकळं सोडायचं आणि मध्ये लुडबुड करायची नाही. कुठे थांबवायचं आणि कुठे नाही, एवढं मात्र त्याला बरोबर कळायचं.

कोणालाच नको असलेलं गाणं

आता या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग.

१९३९ साल. बिली हॉलिडे तेव्हा चोवीस वर्षांची होती, म्हणजे तुमच्याहून फार मोठी नाही. ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘कॅफे सोसायटी’ नावाचा नवा क्लब निघाला होता. गोरे आणि काळे प्रेक्षक एकाच खोलीत शेजारी बसू शकतील असा तेव्हाचा तो दुर्मीळ क्लब. तिथे एबल मीरोपोल नावाच्या शाळामास्तराने तिला एक गाणं आणून दिलं. त्याचं नाव ‘स्ट्रेंज फ्रूट’.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा काळ्या माणसांना जमावाने पकडून झाडाला लटकवण्याचे प्रकार होत. गावातले लोक जत्रेला यावं तसे बघायला येत, फोटो काढून घेत, त्याची पोस्टकार्डं छापत. उत्तरेतही हे झालं होतं. इंडियाना राज्यातल्या मेरियन गावात १९३०मध्ये दोन तरुणांना असंच मारलं गेलं, त्याचा फोटो बघून मीरोपोल अस्वस्थ झाला होता. त्यातून हे गाणं आलं. झाडाला लटकलेल्या देहांना त्यात फळांची उपमा आहे. प्रेमाचा, चंद्राचा, नाचाचा एक शब्द नाही.

बिली क्लबमध्ये रात्रीचं शेवटचं गाणं म्हणून ते गायची. वेटर काम थांबवायचे, सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की पूर्ण अंधार. परत दिवे लागेपर्यंत ती निघून गेलेली असायची.

तिला ते रेकॉर्ड करायचं होतं. पण तिचा करार होता कोलंबिया कंपनीशी, आणि कोलंबियाने नाही सांगितलं. कारण उघड होतं. दक्षिणेतले दुकानदार चिडतील, धंदा बुडेल, रेडिओवाले कटकट करतील. तिच्यावर विश्वास ठेवून तिला पुढे आणणारे लोकही या गाण्याच्या बाजूने उभे राहिले नाहीत.

मग ती मिल्टच्या दुकानात गेली. असं सांगतात की तिने तिथेच, कुठल्याही साथीशिवाय, त्याला ते गाऊन दाखवलं आणि मिल्टच्या डोळ्यांतून पाणी आलं. गाण्याने रडू येणं एक वेळ सोपं आहे हो, आपल्यालाही येतं. अवघड होतं ते त्यापुढचं. मिल्टकडे ना कारखाना होता, ना वकिलांची फौज. एक दुकान आणि एक वर्षाचं लेबल. आणि रोज ज्यांच्याशी धंद्याचे व्यवहार करायचे, त्या मोठ्या कंपन्यांच्या जगातच हे गाणं कोणाला नको होतं. तरी त्याने हो म्हटलं. कोलंबियाकडून बिलीला एका बैठकीपुरती परवानगी मिळाली आणि २० एप्रिल १९३९ला क्लबमधल्याच फ्रँकी न्यूटनच्या बँडसोबत चार गाणी रेकॉर्ड झाली.

इथे प्रोड्युसरचं काम नीट बघा. रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावायची आणि हे गाणं त्यापेक्षा बरंच छोटं होतं. मिल्टला ते आखूड वाटत होतं. म्हणून पियानोवाल्या सनी व्हाइटला त्याने सुरुवातीला वाजवायला सांगितलं. बिलीचा आवाज येण्याआधी मिनिटभर नुसतं संगीतच चालतं. ऐकणारा सावरून, गप्प होऊन बसतो आणि मगच शब्द येतात. लांबीची अडचण सोडवताना त्याने गाण्याला उंबरठा दिला.

दुसरा निर्णय धंद्याचा होता. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला त्याने ‘फाइन अँड मेलो’ हे ब्लूज टाकलं. ते ज्यूकबॉक्सवर धो धो चाललं. कित्येक ठिकाणी लोकांनी ब्लूजसाठी रेकॉर्ड घेतली आणि उलटी फिरवल्यावर त्यांना ‘स्ट्रेंज फ्रूट’ भेटलं. अनेक रेडिओ स्टेशनांनी ते गाणं वाजवलंच नाही, तरी ते पोचायचं तिथे पोचलं. साठ वर्षांनी, १९९९मध्ये, ‘टाइम’ साप्ताहिकाने त्याला शतकाचं गाणं म्हटलं.

गल्ल्यावरून मोठ्या कंपनीत

१९४१मध्ये डेक्का या बड्या कंपनीने मिल्टला नोकरीवर घेतलं. दुकान आणि कमोडोर लेबलही सुरूच होतं. पुढच्याच वर्षी त्याने लायनेल हँप्टनच्या बँडचं ‘फ्लाइंग होम’ रेकॉर्ड केलं. त्यात एकोणीस वर्षांच्या इलिनॉय जॅकेट नावाच्या पोराने सॅक्सोफोनवर अशी काही आग लावली की पुढची कित्येक वर्षं प्रत्येक ऱ्हिदम अँड ब्लूज सॅक्सवाला तेच करायला बघत होता. १९४४मध्ये बिली हॉलिडे पण डेक्कात आली. तिला मागे व्हायोलिनचा ताफा हवा होता. जॅझ गाणाऱ्या काळ्या मुलीला कोण देतंय व्हायोलिन! मिल्टने दिलं, आणि ‘लव्हर मॅन’ तयार झालं.

पण डेक्कातला त्याचा खरा हुकमी एक्का होता लुई जॉर्डन. सॅक्सोफोनवाला, गाणारा, नकला करणारा, जबरदस्त कलाकार. मोठमोठे बँड परवडेनासे होत होते तेव्हा जॉर्डनने छोटा बँड घेतला आणि त्याला अशी लय दिली की पाय आपोआप हलायचे. बोल रोजच्या जगण्यातले, ठेका उड्या मारणारा. १९४६चं ‘चू चू चबूगी’ कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत अठरा आठवडे पहिल्या नंबरावर होतं. त्याच्या गीतकारांत मिल्टचंही नाव आहे.

त्या यादीला तेव्हा ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. ते अपमानास्पद वाटायला लागलं म्हणून १९४९मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने नवं नाव घेतलं, ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’. ते सुचवणारा त्यांचा तरुण वार्ताहर जेरी वेक्सलर पुढे स्वतः मोठा प्रोड्युसर झाला. नाव नंतर आलं. ते संगीत मिल्ट आणि जॉर्डन आधीपासूनच बनवत होते.

दोन टेक आणि एक हिशेब

१९५४मध्ये जॉर्डनने डेक्का सोडली. त्याच वर्षी डेक्कात एक नवा बँड आला. बिल हेली, गोरा, पेनसिल्व्हेनियाचा, पूर्वी काउबॉय छापाची गाणी गाणारा.

१२ एप्रिल १९५४. रेकॉर्डिंगची जागा होती पिथियन टेंपल, उंच छताचा प्रशस्त हॉल. आवाज तिथे छान घुमायचा, म्हणून मिल्टची ती लाडकी. नेमकी बँडची फेरीबोट वाळूत रुतली आणि मंडळी उशिरा पोचली. त्यातला बहुतेक वेळ दुसऱ्याच एका गाण्यावर गेला, कारण रेकॉर्डची मुख्य बाजू ती होती. शेवटी उरलेल्या थोड्या वेळात ‘रॉक अराउंड द क्लॉक’चे जेमतेम दोन टेक झाले. एकात बँडच्या गोंगाटात हेलीचा आवाज बुडाला होता, म्हणून दोन्ही टेक जोडून गाणं तयार करावं लागलं, असं सांगितलं जातं.

रेकॉर्ड आली, बरी चालली, विषय संपला. पण ती ग्लेन फोर्ड या नटाच्या शाळकरी मुलाकडे होती. वडिलांच्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या सिनेमासाठी दिग्दर्शक तरुणांना आवडेलसं गाणं शोधत होता, त्याने त्या पोराच्या कपाटातून ही रेकॉर्ड नेली. १९५५मध्ये सिनेमा लागला, नामावलीवर हे गाणं वाजलं आणि थिएटरात पोरं खुर्च्या सोडून नाचायला लागली. जुलैपासून आठ आठवडे गाणं पहिल्या नंबरावर. रॉक अँड रोल घरोघरी गेलं ते तिथून.

आता हिशेब. हेलीच्या गाण्यांत जी उडती लय आहे, ती आली कुठून? मिल्टने पुढे मुलाखतींत लपवाछपवी न करता सांगितलं की जॉर्डनच्या रेकॉर्डमधल्या लकेरी तो हेलीच्या वादकांना गुणगुणून दाखवायचा. माणूस तोच, हॉल तोच, मसाला बराचसा तोच. फक्त पुढे उभा राहणारा गोरा होता आणि म्हणून जी दारं जॉर्डनला अर्धीच उघडली, ती हेलीला सताड उघडली. जॉर्डनला ते पूर्वीचं यश परत कधी मिळालं नाही. तो १९७५मध्ये गेला.

यात मिल्ट खलनायक आहे का? मला नाही वाटत. तो जॉर्डनचं देणं कबूल करत राहिला. पण एकेकाळी लेबलवर प्रत्येक वादकाचं नाव छापणाऱ्या माणसाच्या हातून, सगळ्यात गाजलेल्या रेकॉर्डवर, ज्याची लय होती त्याचं नाव यायचं राहिलं. कारण लयीसाठी लेबलवर रकानाच नसतो. तुम्ही यावर काय म्हणाल ते तुम्ही ठरवा, पण दोन्ही गाणी एकामागोमाग ऐकून मगच.

आपल्या मुंबईतही

ही लाट मुंबईला यायला फार वेळ लागला नाही. १९५७च्या ‘आशा’ सिनेमात सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, यांनी ‘ईना मीना डीका’ दिलं आणि किशोरकुमार त्यावर बेभान झाला. तेव्हाच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवणारे गोव्याचे कितीतरी वादक असायचे. त्यांची नावं पडद्यावर क्वचितच आली. ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात ज्याचं नाव आहे, तो अँथनी गोन्साल्विस खराखुरा होता, गोव्याचा व्हायोलिनवादक आणि अरेंजर, प्यारेलाल यांचा गुरू. शिष्याने गुरूला गाण्यातून दिलेलं ते क्रेडिटच म्हणायचं.

शेवटचा टेक

कमोडोरचं दुकान १९५८मध्ये बंद झालं. ते सांभाळणारा मिल्टचा मेहुणा जॅक क्रिस्टल, म्हणजे बिली क्रिस्टलचे वडील. या घरात जॅझवाले नातेवाइकांसारखे यायचे. छोट्या क्रिस्टलला आयुष्यातला पहिला सिनेमा, ‘शेन’, दाखवायला घेऊन गेली ती बिली हॉलिडे! मिल्ट डेक्कात पुढेही बरीच वर्षं राहिला. नॅट किंग कोलच्या ‘लव्ह’ या गाण्याचे शब्द त्याचेच. कंपनीचा कारभार कॅलिफोर्नियाला गेला तेव्हा मात्र तो न्यूयॉर्क सोडून गेला नाही.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये लुई जॉर्डन आणि बिल हेली दोघांची नावं एकाच वर्षी लागली, १९८७मध्ये. मिल्टचं लागलं १९९३मध्ये. २० जुलै २००१ला, नव्वद वर्षांचा होऊन, तो गेला.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी कॉलेज फेस्टला स्टेजवरच्या बँडला टाळ्या द्याल तेव्हा साउंडच्या टेबलामागे उभ्या असलेल्या पोरालाही त्याचं नाव विचारा. ग्रुप प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर रात्रभर जागलेल्याचं नाव राहिलं असेल तर घाला. आणि आज रात्री ‘स्ट्रेंज फ्रूट’ एकदा ऐका, दिवे बंद करून. पहिलं मिनिट पुढे ढकलू नका. ते मिल्टने तुमच्यासाठी ठेवलेलं आहे.